जातो म्हणायचं नसतं

रात्री जेवणं झाली की तो हात पुढं करतो.
मी ओल्या हातानंच मोबाईल देतो.
आमच्या कोल्हापुरात बाया असंच बोलतात, मी देतो, मी जातो.
पुण्याची जाऊ हसायची.
तो बोटानं वर सरकवत राहतो,
मेथीची जुडी सोडून बघावी तसा,
आत कुठं पिवळं पान आहे का.

पहिल्यांदा मी सगळंच पुसलं होतं.
इतकं स्वच्छ, की तो म्हणाला,
दिवसभर मोबाईल हातात, आणि काहीच बघितलं नाहीस?
त्या रात्रीची खूण अजून कोपरावर आहे.
तेव्हा कळलं,
नुकत्या सारवलेल्या अंगणातच पाऊल जास्त उठतं.

म्हणून आता पेरून ठेवतो:
पांढऱ्या रश्शाला खसखस किती,
किरणोत्सव कोणत्या तारखेला,
इस्त्रीचा डाग,
पोरगीच्या चौथीचा निबंध, माझी आई.
मधलं एखादंच पान खुडतो.

त्याची चप्पल करकरते.
लग्नात हौसेनं करून घेतली होती, तळात बी घालून.
खालच्या पायरीपासून ऐकू येते.
अकरा वर्षं त्या आवाजाला भ्यालो,
आता पायऱ्या मोजतो.
सात पायऱ्या,
पुष्कळ होतात.

पण कीबोर्ड चहाडखोर.
वांगी लिहायला नुसता व दाबला
आणि त्यानं वकील पुढं केला,
रणधीरच्या डोळ्यांदेखत.
मी म्हटलं, आमच्या भाऊच्या बांधाचं काम आहे.
त्यानं तिथंच भाऊला फोन लावला. स्पीकरवर.
पलीकडं गाय हंबरली, मग बराच वेळ काही नाही,
मग भाऊ म्हणाला, हो, वकील बघायला मीच सांगितलंय.
भाऊनं मला काही विचारलं नाही.
अजून विचारलेलं नाही.

मंगळवारी दळण.
मोबाईल गव्हाच्या डब्याशेजारी
गंगावेशीतल्या गिरणीत ठेवतो.
त्याच्या नकाशावर मी तासभर गिरणीतच उभा,
निळा ठिपका, पिठानं पांढरा होत.
आणि मी दोन गल्ल्या सोडून
शमशादभाभीच्या झेरॉक्सच्या दुकानात,
मागच्या कॉम्प्युटरवर, काळी खिडकी उघडून.
ही खिडकी मागचं धरून ठेवत नाही, भाभी म्हणते,
पण दुकानात येणारी माणसं ठेवतात,
पाठ भिंतीला लावून बस.
आणि पासवर्डला लेकीची जन्मतारीख नको,
ती त्याचीपण लेक आहे.

मग काय ठेवू?
बालवाडीतल्या बाईंचं आडनाव,
ज्या जांभळीवरून पडलो तिच्या मालकाचं नाव,
पडल्यावर किती टाके पडले.
त्यानं कधी न विचारलेलं
इतकं निघालं, की भाभी म्हणाली, बास, मावत नाही.

त्या दिवशी मी टाईप केलं,
रात्री घर सोडून कुठं जाऊ शकतो.
मशीनला वाटलं कुणी बाप्या फिरायला निघालाय.
त्यानं पन्हाळ्याची हॉटेलं दाखवली,
एकात नाष्टा फुकट.
दोघी तोंडावर पदर आणि ओढणी दाबून हसलो,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत,
आणि ते आल्यावर थांबेना.
मग भाभीनं माझ्या खांद्यावरून हात घालून
शेवटी एकच शब्द जोडला, बाई.
पान बदललं.

नंबर कुठंच उतरवला नाही.
भाजीच्या हिशेबात घातला:
मेथी अठरा, लिंबू एक.
रणधीरनं तो हिशेबही तपासला,
आणि म्हणाला, मेथी महाग घेतलीस.

आज दळण थोडं कमी दिलं.
डबा हलका असलेला बरा.
गिरणीवाल्यानं मोबाईल पुढं सरकवला,
त्यावर पिठाचे ठसे, माझे की त्याचे कळेना,
पदरानं पुसले.
रणधीरचा मेसेज होता, कुठं आहेस.
मी लिहिलं की पुढचा शब्द कीबोर्डच देतो, येतो.
अकरा वर्षं हेच लिहीत आलो.
निघताना जातो म्हणायचं नसतं, आईनं शिकवलंय.
नाही म्हणणार.
त्याला येतो पाठवलं,
आणि पोरगीची शाळा सुटायची वेळ बघितली,
भिंतीवरच्या घड्याळात.